मान सरळ ठेव

९ ऑगस्ट

ही वही तक्रारीसाठी सुरू करतोय, मन मोकळं करायला नाही. बावीस वर्षं लिफ्ट तपासून मला एवढं कळलंय की ज्याच्याकडे तारखेसकट नोंद असते त्याच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. कागदावर माझं पद 'उद्वाहन निरीक्षक' आहे. लोक लिफ्टवाला म्हणतात. म्हणोत बापडे.

घडलं ते असं. बुधवारी मुलगी शाळेच्या पायऱ्यांवरून पडली. नऊ वर्षांची आहे. घरात तिला खारू म्हणतात, कारण लहानपणी मिळेल तो खाऊ गालात साठवून ठेवायची. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती. इस्पितळात डोक्याचं चित्र काढलं. लहान मेंदूत, म्हणजे मानेच्या जरा वर मागच्या बाजूला, गाठ आहे आणि गाठीतून रक्त वाहिलंय. डोक्यात पाणी तुंबलं होतं, ते त्याच दिवशी बारीक नळी घालून बाहेर काढलं.

मी विचारलं, पडली म्हणून रक्त आलं की रक्त आलं म्हणून पडली? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त आलं म्हणून पडली." जणू त्या शाळेच्या पायरीवरच बसल्या होत्या.

बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. पायात पळायचे बूट. बोलताना माझ्याकडे कमी आणि फायलीकडे जास्त बघतात. गाठीचं सांगायचं सोडून मलाच प्रश्न. उलट्या सकाळी व्हायच्या का? चालताना तोल जायचा का? मान एका बाजूला कधीपासून आहे?

म्हटलं, मान ही सवय आहे, वाईट सवय, आणि ती मोडण्याचं काम घरी चालू आहे.

बाईंनी त्यावर काहीतरी लिहिलं. बायको जमिनीकडे बघत बसली होती. चूक पहिली: रोग्याच्या आजाराचं सोडून बसण्याउठण्याच्या सवयींची चौकशी. नोंद केली.

१० ऑगस्ट

या इस्पितळाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते. स्ट्रेचर नेताना ठेचकाळतं. दोनदा सांगितलं. हो हो म्हणाले. ज्यांना लिफ्ट फरशीच्या रेषेत आणता येत नाही ते डोकं उघडणार.

बायकोचा भाऊ आला होता. मला म्हणाला, "भावजी, तुम्ही इथे तपासणीला आलाय का मुलीजवळ बसायला?" त्याला एकच काम येतं, बहिणीच्या कानाशी लागणं.

त्याला काय कळणार माझं काम. दहा मजली इमारतीत एकदा दोर तपासत होतो. काम अर्धं झालं होतं. वरच्या टोकाला दोराच्या तारा तुटलेल्या दिसल्या. तिथेच थांबलो, बंदची पाटी लावली, सील केलं. सगळी इमारत अंगावर आली. "सुरू केलंत ना, मग पुरं करून जा," म्हणे. मी जिन्याने खाली उतरलो तो शिव्या खात. चालू ठेवायला काय लागतं, बटण दाबलं की झालं. थांबवायला अक्कल लागते.

खारू आज जागी होती. मी आत गेलो तशी उशीवरचं डोकं हळूहळू सरकवायला लागली. चेहरा वेडावाकडा झाला. सिस्टरला सांगितलं, उशी नीट नाहीये, मुलीला टोचतेय. सिस्टर म्हणाली, आत्तापर्यंत शांत झोपली होती.

१२ ऑगस्ट

आज ऑपरेशन. सहा तास लागतील म्हणाल्या होत्या. अडीच तासांत बाहेर आल्या. मला वाटलं, वा, कामाची बाई आहे.

"थांबवलं," म्हणाल्या.

थांबवलं म्हणजे? म्हणजे पहिल्या चित्रात साकळलेल्या रक्तामुळे गाठ धड दिसत नव्हती. मुलांमध्ये नेहमी सापडते तसली असेल असं धरून चालल्या होत्या. उघडून एक कण कापला तर रक्त थांबेना. दाबून धरलं, बाहेरून रक्त चढवलं, कसंबसं आटोक्यात आलं, बंद केलं. "आणखी पुढे गेले असते तर ती टेबलावरच गेली असती."

मी म्हणालो, "बाई, सुरू केलंत ना, मग पुरं करायचं होतं. जमत नव्हतं तर हात घालायचा नव्हता."

"थांबले म्हणून ती आत आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता मला तुमच्याशी भांडायला वेळ नाही."

नाचता येईना अंगण वाकडं. गाठीवर खापर फोडून मोकळ्या. मुलीचं डोकं उघडायचं, अर्धं काम टाकायचं आणि परत शिवायचं. माझ्या खात्यात असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. चूक दुसरी, तिसरी आणि चौथी.

हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आधीची वही वाचा कधीतरी." आणि तोंड फिरवून बसली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

१६ ऑगस्ट

कापलेल्या कणाचा अहवाल आला. नाव एवढं लांब की ऐकताना दम लागला. मी ते लिहून घेतलं, पण इथे परत लिहीत नाही. गाठ म्हणजे जवळजवळ नुसत्या रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. मोठ्यांमध्येही क्वचित, मुलांमध्ये तर फारच क्वचित. बाईंनी सरळ सांगितलं की मोठ्या माणसांच्या दोन काढल्यात, लहान मुलाची एकही नाही.

म्हणजे माझ्या मुलीवर हात बसवणार.

बेत असा आहे. आधी जांघेतून नळी घालून डोक्यापर्यंत न्यायची आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या आतून बुजवायच्या. मग दोन दिवसांनी परत उघडायचं. या वेळी गाठीला कापायचं नाही. तिच्या कडेकडेने जायचं, एकेक वाहिनी बंद करायची आणि गाठ अख्खी उचलायची. कापली तर परत तेच होणार.

"धोका किती?"

"जास्त आहे. न करण्याचा त्याहून जास्त आहे. परत रक्त आलं तर वेळ मिळणार नाही."

संमतीचा कागद पुढे सरकवला. मी वाचला. शेवटपर्यंत वाचणारा मी पहिलाच असेन. मी म्हणालो, स्वतः न तपासलेल्या वस्तूवर मी आजपर्यंत सही केलेली नाही आणि करणार नाही. मला दुसरा सर्जन पाहिजे.

"जरूर विचारा. दोन नावं मीच देते," असं म्हणून खरंच दोन नावं लिहून दिली. दोघांनाही फोन केला. दोघांनीही आधी बाईंचंच नाव सांगितलं. एकमेकांना सांभाळून घेतात ही मंडळी.

सही केली नाही.

१७ ऑगस्ट

आज डोकं तापलंय. जमेल तसं लिहितो.

बायको सकाळी अंघोळीला म्हणून घरी गेली आणि माझी आधीची वही घेऊन आली. मला न विचारता. आणि सरळ नेऊन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली!

ती वही कसली ते सांगायला हवं. एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आलं की खारू मान डावीकडे टाकून बसते. तोंडाने सांगून ऐकेना. मग मी कामावरचा जुना पितळी ओळंबा घरी आणला. लिफ्टचे रूळ उभे सरळ आहेत की नाही हे त्याने बघतात, ती कधी खोटं न बोलणारी वस्तू आहे. तो लांब दोरीने तिच्या अभ्यासाच्या टेबलापाशी छताला टांगला, समोर आरसा लावला. हनुवटी दोरीवर धरायची, भांगही दोरीवर यायला हवा. रोज संध्याकाळी अर्धा तास तिथे बसून अभ्यास करायचा. दर रविवारी मी मोजायचो आणि लिहायचो. कुठला बाप एवढं करतो?

बाई वही उघडून उभ्या उभ्या वाचत होत्या. ६ एप्रिल, डावीकडे एक बोट. ११ मे, दीड बोट. २२ जून, दोन. २० जुलै, अडीच, प्रगती नाही, वेळ वाढवून पाऊण तास केला.

"दर आठवड्याला मोजत होतात?"

"दर रविवारी. एकही खाडा नाही."

"आणि ती काही म्हणायची?"

"शेजारच्या रकान्यात आहे."

शेजारच्या रकान्यात होतं. डोकं दुखतं म्हणते. मान सरळ केली की दुखतं म्हणते. सकाळी उलटी, शाळा टाळायचं नाटक. अक्षर बिघडलं. पेला पाडला, लक्ष नाही.

बाईंनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि वही मिटली. मी वाट बघत होतो. एवढी पद्धतशीर नोंद समोर आल्यावर बोलणार काय? मग माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाल्या, "वाहिन्या उद्या बुजवू. ऑपरेशन वीस तारखेला. सही कुणाची घेऊ?"

बायकोने सही केली. माझ्या समोर, माझ्याच पेनाने.

बाहेर आल्यावर मी तिला चांगलं फैलावर घेणार होतो. तिने तोंडच उघडू दिलं नाही. "ओळंबा मी उतरवलाय," म्हणाली. "घरी गेल्यावर शोधू नका, मिळणार नाही."

"अगं, माझं कामाचं हत्यार ते."

"हो ना. हत्यारच," ती म्हणाली.

२० ऑगस्ट

नऊ तास दहा मिनिटं.

मेहुण्याने दोनदा चहा आणून दिला. दोनदा गार झाला. बायको चार खुर्च्या सोडून बसली होती. आम्ही तिघं त्या खोलीत अशा तोंडांनी बसलो होतो की नवीन आलेली माणसं दुसरीकडे जाऊन बसत होती.

भिंतीवरच्या घड्याळात आणि माझ्या घड्याळात चार मिनिटांचा फरक आहे. हे लिहून ठेवलं. मग फाडून टाकलं. असल्या वेळी माणूस काय लिहितो.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. रागावर पाय ठेवून उभा होतो, तो सरकला असता तर खाली काही नव्हतं.

बाई आल्या. डोक्यावरच्या टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. "अख्खी निघाली," म्हणाल्या आणि अंगठा आणि बोट जवळ आणून आकार दाखवला. लिंबाएवढी. मेहुणा तोंड झाकून रडायला लागला, घोड्याएवढा माणूस.

मी विचारलं, "गाठ काढताना मेंदूला धक्का लागला का?"

"मेंदूतूनच काढलीय. पुढचे काही दिवस बघावं लागेल." असं म्हणून बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि बिस्किटाचा पुडा फोडून एकामागून एक बिस्किटं तोंडात कोंबायला लागल्या. माझ्याशी बोलणं अर्धं टाकून. तेही लिहून ठेवतो.

२२ ऑगस्ट

मुलगी बोलत नाही.

काल शुद्धीवर आल्यावर दोन शब्द बोलली होती, "आई, पाणी." आज सकाळपासून एक अक्षर नाही. डोळे उघडे, बघते, पण आवाज नाही. हाका मारल्या तरी नाही. उजवा हात लटपटतो.

बाई म्हणाल्या, या जागेवरच्या ऑपरेशननंतर काही मुलांची वाचा काही काळ जाते. आठवडे लागतील, कदाचित महिने. बहुतेकांची परत येते.

"बहुतेकांची?"

"बहुतेकांची," म्हणाल्या. खोटा धीर द्यायचीसुद्धा तसदी नाही.

लचका तोडावा तशी वाचा तोडून घेतली माझ्या मुलीची. आता बघतोच. आज तक्रार लिहायला बसलो. चार पानं झाली. ऑपरेशन अर्धवट टाकलं. अननुभवी असल्याचं स्वतः कबूल केलं. पालकाच्या मताला किंमत दिली नाही. मुलगी घरून निघाली तेव्हा बोलत होती, चालत होती, धडधाकट होती.

शेवटच्या वाक्याला पुरावा जोडायला हवा. जुनी वही बायकोच्या पिशवीत आहे. उद्या काढतो.

२५ ऑगस्ट

वही काढली.

मुलगी धडधाकट होती हे दाखवणारी तारीख शोधत होतो. जुलैपासून मागे मागे गेलो. २० जुलैला नाही. २२ जूनला नाही. ११ मे, "मान सरळ केली की दुखतं म्हणते." एप्रिलपर्यंत गेलो. पहिलीच नोंद एक बोटाची.

चार महिने. अठरा रविवार. एकदाही चुकलो नाही. लिफ्टचा रूळ दर आठवड्याला असा सरकत गेला असता तर दुसऱ्याच आठवड्यात मी पाटी लावली असती. वर जाऊन बघितलं असतं, कशामुळे सरकतोय.

हे पान तक्रारीला जोडायचं नाही.

जोडलं नाही तर तक्रार उभी राहत नाही.

२६ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं. त्या लिफ्टने जात नाहीत. विचारलं, "एप्रिलमध्ये आणली असती तर?"

त्या दोन पायऱ्या वर होत्या. वळल्या. "तुम्हाला खरं हवंय की बरं वाटेल असं?"

"खरं."

"गाठ लहान असती. रक्त आलं नसतं, बहुतेक. साकळलेलं रक्त आड आलं नसतं तर गाठ कसली आहे हे मलाही पहिल्या चित्रात दिसलं असतं. मी तो कण कापला नसता. ती माझी चूक, ती मी फायलीत लिहिली आहे. तुम्ही तुमचं बघा."

आणि वर निघून गेल्या. एवढ्या फटकळ बाईला लोक मुली कशा सोपवतात? जिन्यात येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते.

३ सप्टेंबर

वाचा नाही. गिळायला लागली आहे, पेज जाते.

बायको म्हणाली, "तुम्ही सारखे आत येऊ नका. तुम्ही आलात की ती दमते."

मी म्हणालो, मी बाप आहे तिचा, भूत नाही. आवाज चढला. सिस्टरने बाहेर काढलं. मला, लोकांच्या लिफ्ट बंद करणाऱ्याला, एका सिस्टरने दंड धरून बाहेर काढलं.

८ सप्टेंबर

मुलीला व्यायाम करवायला एक पोरगेलीशी बाई येते. मी ऐकतोय हे तिला ठाऊक नव्हतं. मी दाराबाहेर उभा होतो. ती आत बायकोला विचारत होती, "बाबा येतात तेव्हा मान एवढी ताठ का करते हो ही? एरवी छान सैल सोडते. ते आले की घामाघूम होते. मानेचे स्नायू अजून कच्चे आहेत, ताण द्यायचा नाही. तिला सांगा ना सैल सोडायला."

बायको म्हणाली, "मी सांगून ऐकायची नाही ती."

उशी टोचत नव्हती.

पहिल्या दिवसापासून टोचत नव्हती. डोकं उघडायच्या आधी, अर्धं ऑपरेशन झाल्यावर, वाचा गेल्यावर, दर वेळी मी दारात दिसलो की ती हनुवटी दोरीवर आणत होती. दोरी नसताना.

तक्रारीची चार पानं फाडली.

९ सप्टेंबर

आज दुपारी गेलो. बायकोला म्हटलं, पाच मिनिटं. तिने माझ्याकडे असं बघितलं की परत फिरावंसं वाटलं. पण सरकून जागा दिली.

खारूने मला बघितलं आणि सुरू झालं. डोकं उशीवरून इंच इंच सरकायला लागलं. ओठ घट्ट. कपाळावर घाम. मला ओरडावंसं वाटलं, नको, सोड. पण माझं ओरडणं तिला एकाच कारणासाठी माहीत आहे. म्हणून गप्प उभा राहिलो.

मग ओठ हलले. आधी नुसती हवा आली. बायको उठून उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली. अठरा दिवसांनी. आवाज घासलेला, एकेक अक्षर वेगळं. "सरळ... आहे?"

सरळ नव्हती. डावीकडे सहज दोन बोटं होती. एवढी मेहनत करून दोन बोटं. मला ते नजरेनेच कळतं, ओळंबा लागत नाही.

बावीस वर्षांत मी खोटा दाखला दिलेला नाही. लोकांनी हातापाया पडून मागितला, धमक्या देऊन मागितला. दिला नाही.

मी म्हणालो, "हो. सरळ आहे. एकदम सरळ."

तिने एकदा आईकडे बघून घेतलं. आईने होकारार्थी मान हलवली. मग खारूने मान सोडली. डोकं उशीवर डावीकडे कलंडलं, पार खांद्यापर्यंत, आणि ती झोपली.

मी स्टूल ओढून डाव्या बाजूला बसलो. किती बोटं ते मोजलं नाही.